न शिवता

"प्रोग्रामला ही मार्कांची यादी फक्त वाचता येते. तिला हात लावला की मशीन एरर देणारच. त्यामुळे मार्क बदलणं अशक्य," पाठक सरांनी फळ्यावर खडू आपटला.

१९८७ साली वर्ध्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासात सगळ्या पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. आंजीहून येणारी कोकिळा, वर्गातली एकमेव मुलगी, उठून मशीनपाशी गेली. तिनं यादीत मार्क ठेवलेच नाहीत, मेमरीच्या वेगळ्या खणांत ठेवले. यादीत कुणाचे मार्क कुठल्या खणात आहेत, तेवढंच लिहिलं. यादी जशीच्या तशी राहिली, खणातले मार्क मात्र बदलले.

सरांनी तीनदा चालवून पाहिलं. एरर नाही.

"कुठल्या पुस्तकात मिळालं हे?"

"पुस्तकात नाई सर, घरी. महिन्यातले चार दिवस माही आई चुलीले शिवत नाई. दारात बसून बाबाले सांगते, तिखट तिसऱ्या डब्यात हाय, मीठ त्याच्या बाजूले."

पोरांनी माना खाली घातल्या. कोकिळेनं नाही घातली.

"भाजी बाबा करतेत, सर. पण लागते आईच्याच हातची."