शब्दाची शाई

प्रचाराला निघालेल्या नगरसेवक गजाभाऊंची नजर लोकांच्या तोंडाकडं नव्हतीच, बोटांकडं होती. हल्लीची मतदानाची शाई फार चिवट. निवडून आलेल्यानं दिलेला शब्द खरा झाल्याखेरीज ती मतदाराच्या बोटावरून हलत नसे. तांबट गल्लीला त्यांनी पक्क्या गटाराचा शब्द दिला होता आणि मग खुशाल विसरले होते.

पण भांडी घासणाऱ्या शेवंताकाकूंचं बोट लख्ख दिसलं. गजाभाऊंना हायसं वाटलं.

"झालं की गटार, काकू! यंदाही लक्ष असू द्या."

"झालं तर! आम्ही बायकांनीच खणलं, आम्हीच बांधलं. तेव्हा कुठं शाई गेली." काकूंनी हात धुतले, पदरावर शिट्टी निशाणीचा बिल्ला लावला आणि हात जोडले.

"मीही उभी राहिलेय, भाऊ. यंदा आमच्याकडं लक्ष असू द्या."