रंगांची फळी

चौसाळ्यातल्या किराणा दुकानात फळीवर एकोणीस बरण्या होत्या. बारा डाळींच्या, सात मसाल्यांच्या. शिवांजलीनं त्या घासूनपुसून पांढऱ्या उडदापासून काळ्या मिऱ्यापर्यंत, फिक्याकडून गडद अशा रंगानं लावल्या.

"तुझंच दुकान हाय माय, तुझ्या मनासारखं मांड. फकस्त ऐतवारच्या आत," तिचे अप्पा म्हणाले होते. सोमवारपासून गल्ल्यावर ती बसणार होती.

रविवारी एक पाहुणे आले. दारातच त्यांनी खिशातून टेप काढली.

"कोन हायेत हे, अप्पा?"

"दुकान घेनारे." अप्पा बरण्यांकडं बघत होते. "नटवल्याबिगर चांगलं गिऱ्हाईक येतंय व्हय? जरा टेप धर, आकडा वाच."

पाहुणे दुसरं टोक घेऊन भिंतीपर्यंत गेले. शिवांजलीनं आकडा वाचला.

"अकरा फूट चार इंच."