बारीक अक्षर

"अक्षर बारीक हाय," जळबा म्हणाला आणि हातातला चहाचा कप त्याने त्या कागदावरच टेकवला.

करुणाने कागद ओढून घेतला. कोपऱ्यात चहाचा गोल डाग उमटला होता. चार दिवस खपून तिने तो कागद तयार केला होता. ती वसमतला विमा कंपनीत कामाला होती, दर रविवारी गावी यायची. आता सरकारचा नियमच होता, की आरोग्य विम्याच्या पॉलिसीसोबत गिऱ्हाइकाला एक साधा कागद द्यायचा. कशाचा खर्च मिळेल, कशाचा मिळणार नाही आणि कधीपासून मिळेल, ते त्यावर लिहायचं. मागितला तर त्याच्या भाषेत द्यायचा. मराठी कागदाचं काम साहेबांनी करुणावर टाकलं, आणि करुणाने मनाशी खूणगाठ बांधली. आबांना जो कागद कळणार नाही, तो आपल्या हातून पुढे जाऊ द्यायचा नाही.

पण आबा, तिचे वडील, म्हणजे जळबा पेंटर. जवळा बाजार गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. विहाराच्या कमानीवरचं नावही त्यानेच रंगवलेलं. 'रस्त्याच्या पल्याडून वाचता येत न्हाई, त्याला अक्षर काहून म्हनायचं?' हा त्याचा जुना हेका. फ्लेक्सने धंदा खाल्ला म्हणत दीड वर्षापूर्वी त्याने ब्रश धुऊन माळ्यावर टाकले होते. कमानीवरचं नाव पुसट झालं म्हणून विहाराची मंडळी दोनदा येऊन गेली, तरी हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. पाट्या रंगवणाऱ्याला कागदावरचं अक्षर बारीकच वाटणार, असं समजून करुणा निमूटपणे वसमतच्या गाडीत बसली.

दुसऱ्या रविवारी तिने अक्षर मोठं करून आणलं. "बारीक." तिसऱ्या रविवारी आणखी मोठं. एका पानाचा कागद पाच पानांवर गेला. साहेब म्हणालेही होते, "मॅडम, हे विम्याचं पत्रक आहे का लग्नाचं बॅनर?" सोमवारी तर कागद छपाईला द्यायचाच होता. जळबाने पाचही पानं लांब धरली, जवळ धरली आणि मान हलवली.

"आजून बारीकच."

करुणाचं डोकं फिरलं. "आता काय भिताडावर लिहू का, आबा?"

"लिही की. रंग मी कालवून देतो."

"त्यांचं नको मनावर घेऊ," करुणाची आई, चतुराबाई, आतून म्हणाली. "कामचुकारपणा शिकलेत आताशा. काल तांदूळ निवडाय दिले, तर सगळे खडे जिथल्या तिथं!"

शेवटी करुणाने पानं आपल्याकडे घेतली. "ऐका. मीच वाचते."

आणि काय सांगावं, ऐकायला बसल्यावर म्हातारा भलताच तल्लख निघाला. 'अंतर्भूत' म्हणताच त्याने हात वर केला. 'अपवर्जन' म्हणताच तो हसायलाच लागला. करुणा एकेक शब्द खोडत गेली, सोपा लिहीत गेली. तिलाही मजा यायला लागली. वाचत वाचत ती शेवटच्या पानावर आली. "मोतीबिंदू शस्त्रक्रिया, प्रतीक्षा कालावधी चोवीस महिने."

"म्हंजे काय?" जळबाने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

करुणाने थोडा विचार केला आणि बोलत बोलत लिहिलं, "पॉलिसी काढून दोन वर्षं झाली, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा खर्च कंपनी देईल."

"दोन सालांनी भेटतो?"

"व्हय."

"आन तू माही पॉलिसी काढली, तिला किती झाले?"

"दोन वर्षं, वर चार महिने. काहून?"

जळबाने पुढ्यातल्या सुपातले तांदूळ उगाच चाळवले. मग म्हणाला, "दीड सालाखाली दवाखान्यात म्हनले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. मी इचारलं, पॉलिसीत बसतंय का? म्हनले, बसत न्हाई. कवा बसंल, ते कुनी सांगितलंच न्हाई, पोरी."

माळ्यावरचे ब्रश, तांदळातले खडे आणि वाया गेलेले तीन रविवार. करुणाला सगळं एकदम उमगलं. तिला रडूही आलं आणि आबांचा रागही आला.

"मग आमाला सांगायचं काहून न्हाई?"

"पेंटरला दिसत न्हाई, आसं गावभर सांगू का?"

चतुराबाई बाहेर आली. तिने नवऱ्यापुढचं तांदळाचं सूप उचललं आणि स्वतःच निवडायला बसली. डोळे मात्र पदराने पुसत होती.

सोमवारी कागद छपाईला गेला. शब्द सोपे केलेले होते, अक्षर पहिल्याएवढंच ठेवलं होतं. जळबाचा एक डोळा महिन्याभरात झाला, दुसरा त्याच्या पुढच्या महिन्यात. कंपनीने खर्च दिला, खळखळ केली नाही.

पुढे एका रविवारी करुणा गाडीतून उतरली, तर विहारासमोर ही गर्दी. आबा शिडीवर. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात ब्रश, आणि कमानीवर निळं अक्षर असं ठळक, की रस्त्याच्या पल्याडून काय, बस स्टँडवरूनही वाचावं. करुणाला इतका आनंद झाला, की ती भर रस्त्यात टाळ्या वाजवत सुटली.

जळबा खाली उतरला. "तो तुहा कागद दाव बरं आता."

करुणाने पर्समध्ये हात घातला आणि घडी केलेला एक कागद त्याच्या हाती दिला. जळबाने तो उघडला. वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून काढला, कुठे अडखळला नाही.

"आता कसं! अक्षर बराबर केलंस. हेच पैल्या रविवारी केलं आसतं तर?" मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पर शब्द काहून परत अवघड केलेस?"

करुणा पोट धरून हसायला लागली. त्याच्या निळ्या अंगठ्याशेजारी, कागदाच्या कोपऱ्यात, चहाचा गोल डाग होता.