सोमवारची खाट

"तयार," डेटाबेसवाली म्हणाली.

"एकदम तयार," स्क्रीन बनवणारा म्हणाला.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या गप्पूने नावाला जागून नुसती मान हलवली.

टीम लीडला सगळे ताई म्हणत. ताईंनी अजून पेन उचललं नव्हतं. सोमवारी सकाळी इस्पितळाच्या एका वॉर्डात त्यांच्या टीमचं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध कधी द्यायचं, ते नर्सला आता पडद्यावर दिसणार होतं. ताईंच्या सहीशिवाय मात्र काही हलणार नव्हतं.

तिघांनी लिहिलेली ओळ न् ओळ वाचणं ताईंना शक्य नव्हतं. पूर्वी तसा हट्ट करून त्यांनी स्वतःचीही झोप उडवली होती आणि टीमचीही. आता त्या फक्त विचारत. पण साहेबांनी इस्पितळाला सोमवारचा शब्द देऊन टाकल्यापासून ऑफिसात 'नाही' कुणाच्या तोंडून निघतच नव्हतं.

"एकच सांगा," ताई म्हणाल्या. "सोमवारी त्या वॉर्डात खाटेवर माझ्या सासूबाई असल्या, तरी सुरू करायचं?"

सासूबाईंना सगळे ओळखत होते. अधूनमधून ऑफिससाठी मोठा डबा पाठवायच्या, आणि त्यात काही उरून परत आलं तर फोन करून एकेकाची हजेरी घ्यायच्या.

गप्पूचा चेहरा पडला. "ताई... मागच्या आठवड्यात एकदा मध्येच नेट गेलं. परत आलं तेव्हा, दिलेलं औषध 'द्यायचं आहे' असं दिसायला लागलं. नंतर कितीदा तरी करून पाहिलं. पुन्हा झालंच नाही. म्हणून सोडून दिलं."

म्हणजे तेच औषध दोनदा. डेटाबेसवालीने कपाळावर हात मारला आणि मुकाट्याने लॅपटॉप उघडला.

ताई रागावल्या नाहीत. "बरं झालं बोललास," म्हणाल्या आणि तिथल्या तिथे त्यांनी साहेबांना फोन लावला. "सोमवारी सुरू होणार नाही."

"अहो, मी शब्द दिलाय त्यांना!" साहेबांचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू आला.

"शब्द तुमचा आहे, साहेब. सही माझी आहे."

संध्याकाळपर्यंत गप्पू आणि डेटाबेसवालीने मिळून ती चूक पुन्हा घडवून दाखवली. आता ती हाताला लागली होती, म्हणजे सुटणारही होती. ताईंना मनापासून बरं वाटलं.

निघताना गप्पू दारात घुटमळला. "ताई, सासूबाईंना काय झालंय? कधी दाखल करताय?"

"त्यांना? काही झालेलं नाही. सकाळी मलाच दम देऊन फिरायला गेल्या." ताईंनी पर्स खांद्याला अडकवली. "पण त्या खाटेवर कुणाची तरी आई असेलच ना."