परक्या हाताची इस्त्री

बाहीवरची धार गेली होती.

लॉंड्रीवालीनं शर्ट दिव्याखाली धरला. सकाळी तिनंच इस्त्री केलेला. बाहीवर अशी धार काढली होती, की माशी बसली असती तर दोन झाल्या असत्या. संध्याकाळी तिचा घड्याळजी तोच शर्ट घालून घरी परतला, आणि बाही गोल! आत टॉवेलची गुंडाळी घालून, हलक्या हातानं इस्त्री फिरवलेली.

म्हणजे मधल्या वेळात शर्ट उतरला होता. आणि कुणीतरी जीव लावून त्यावर इस्त्री केली होती.

"परक्या बाईचा हात आहे हा," ती म्हणाली.

गल्ल्यावरची थोरली बहीण गुणगुणली, "शर्टाच्या घडीत गुपित दडलं, इस्त्रीवालीच्या नजरेत पडलं."

"ताई, गाणी काय सुचतायत तुला? माझं घर मोडायला निघालंय!"

"तेव्हाच सांगितलं होतं, त्याच्या पायाला भिंगरी आहे. ऐकलंस?"

लॉंड्रीवाली शर्टाची घडी घालू लागली. त्याच्या मोज्यांच्या जोड्या ती लावायची. रक्तदाबाची गोळी हातावर ठेवायची. घोरायला लागला की कुशीवर वळवायची. एवढं करून माणूस दुसरीकडे शर्ट उतरवतो? शर्टाचं एक वेळ सोडा. पण इस्त्री?

पुढच्या आठवड्यात घड्याळजी आरशासमोर उभा राहिला. "मोठ्या दवाखान्यातलं घड्याळ पुन्हा मागे पडलंय," म्हणाला, आणि ओल्या बोटानं भुवया सारख्या केल्या.

"घड्याळासाठी भुवया?"

"चार माणसं असतात तिथं. बरं दिसायला नको?"

तो कोपऱ्यावर वळताच ती मागे निघाली.

दवाखान्यावरून तो मान न वळवता पुढे गेला. वरचं घड्याळ बिचारं बिनचूक चाललं होतं. पुढे फुलांच्या दुकानात थांबून त्यानं पांढरी फुलं घेतली. तिच्यासाठी त्यानं आजवर आणली होती ती फक्त सुटी बटणं, तीही दुकानात लागतात म्हणून. मग तो एका इमारतीत शिरला आणि शीळ घालत जिना चढला. घरी स्टुलावर चढायचं म्हटलं तरी ज्याचे गुडघे धरतात, तो!

शीळ जिथं थांबली ते दार गाठून, जरा वेळ दबा धरून तिनं बेल दाबली. आत काहीतरी पडलं, कुणीतरी पळालं, कडी लागली.

दार उघडलं. समोर कुणी कोवळी पोर असेल, असं तिला वाटलं होतं. उभी होती एक गोलमटोल, पिकल्या केसांची बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात इस्त्री. मागच्या टेबलावर तो शर्ट.

बाईनं तिला खालपासून वर पाहिलं आणि बाईच्याच चेहऱ्याचा रंग उडाला. "तुम्ही लॉंड्रीवाल्या ना? या, आत या. समोरचीचे कान भिंतीला चिकटलेले असतात."

"कानांचं काय घेऊन बसलात? तोंड लपवायची वेळ आलीय तुमच्यावर! हा शर्ट कुणाचा?"

"हळू हो, पाया पडते. बाहीवर धार शोभत नाही त्यांना. खांदे उतरलेले दिसतात."

"धार मी काढते!"

"तरीच."

न्हाणीघरातून शिंक आली.

"धूळ सोसत नाही त्यांना," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

लॉंड्रीवालीनं टेबलावरचा शर्ट ओढून घेतला. "लाज नाही वाटत? त्या माणसासाठी मी सगळ्या गोताशी वाकडं घेतलं. तो गेला तर काय उरेल माझ्याकडे? गरम इस्त्री आणि गार अंथरूण."

बाईनं इस्त्री बंद करून उभी ठेवली. खुर्ची पुढे सरकवून तिला बसवलं. पदरानं चष्मा पुसला.

"वाटते ना लाज. पडदे ओढून घेते, जिन्यात पाऊल वाजलं तरी छाती धडधडते. हे घर माझ्या मुलीचं. कामावरून येऊन तिनं ह्यांना पाहिलं, तर मलाच दाराबाहेर काढेल. बाप तुमच्याकडे राहायला गेला, त्याच दिवशी तिनं शपथ घातलीय मला, पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही म्हणून."

लॉंड्रीवाली खुर्चीतून अर्धवट उठली.

"बरं झालं, तुम्हीच आलात," बाई आपली खुर्ची जवळ ओढत कुजबुजली. "विचारणार तरी कुणाला? लग्नाच्या बायकोला याची सवय कुठली! तुम्ही किती दिवस भेटत होतात ह्यांना, मला वासही लागला नाही. कसं जमवलंत, जरा सांगा ना."