नऊ दहाची बस

साहेबांनी सतरावी तक्रार टेबलावर सरकवली, तेव्हा अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षर तेच, टपोरं आणि सरळ. मजकूरही तोच. नऊ दहाची बस टाकीच्या थांब्यावरून आजही नऊ बाराला सुटली. खालचं नाव साहेबांनी कागदाच्या पट्टीनं झाकलं होतं.

अक्का सात वर्षं बस चालवत होती, सातही वर्षं कंत्राटावर. या महिन्यात कायम होणाऱ्यांची यादी लागणार होती आणि तिचं नाव तिसरं होतं. एक ठपका बसला की नाव कटणार, हे शिपायालाही माहीत होतं.

"तुमच्या बसला वेगळा रस्ता दिलाय," साहेब म्हणाले. "मध्ये ना मोटार, ना सायकल. मग त्या एकाच थांब्यावर दोन मिनिटं करता काय?"

मुद्दाम थांबते म्हणावं, तर तो गुन्हा उशिरापेक्षा मोठा.

रोज त्या वेळेला एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत. ज्या शहाण्यांनी थांबा रस्त्याच्या मधोमध बांधला, त्यांनी पायी येणाऱ्यांना सिग्नल दिला होता पंधरा सेकंदांचा. तेवढ्यात तरणाताठा माणूसही धापा टाकत पोचतो. आजोबा निम्म्यात येईपर्यंत दिवा लाल होई, मोटारी अंगावर येत आणि ते काठी वर धरून जागच्या जागी उभे राहत. पुढची बस पंचवीस मिनिटांनी, तीही खच्चून भरलेली. अक्का दार उघडं ठेवून आरशात बघत बसायची. ते आत येऊन बसले, की मगच गाडी हलायची.

तक्रार कोणाची, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पहिल्या सीटवरचा टायवाला. टाकीचा थांबा आला की हा मनगटावरचं घड्याळ बघणार आणि च्‌ च्‌ करणार. बसायला जागा मिळते, वर गार वारा लागतो, आणि एका म्हाताऱ्यासाठी दोन मिनिटं द्यायची तर याच्या जिवावर येतं. असल्या माणसाला एकदा त्या सिग्नलवर काठी देऊन सोडलं पाहिजे, असं तिला रोज वाटे.

कालच डेपोतल्या मामांनी सुचवलं होतं, की त्या आजोबांनाच साक्षीला आण. मामा तिच्याआधीपासून बस चालवत होते, त्यांचा शब्द ती सहसा मोडत नसे. पण या वेळी ती त्यांच्यावरच उखडली होती. लिफ्ट बंद असलेल्या कचेरीचे तीन जिने त्या जिवाला चढायला लावायचे? नाव कटलं तर कटलं.

"उत्तर द्या, बाई," साहेब म्हणाले.

अक्काचा संयम सुटला. "थांबते मी. मुद्दाम थांबते. म्हातारा माणूस भर रस्त्यात अडकलेला दिसतोय आणि मी दार लावून निघून जाऊ? तुमचा सिग्नल तेवढा वेळेवर चालतो, माणूस मेला तरी चालेल. ज्यानं हे लिहिलंय त्याला बोलवा समोर. माझ्या तोंडावर सांगू दे."

साहेबांनी शब्दन्‌शब्द उतरवून घेतला आणि सही करायला कागद पुढे केला. अक्कानं रागारागानं सही केली.

तेवढ्यात शिपायानं दार उघडलं. दारात आजोबा उभे होते, घामानं डबडबलेले, काठीवर रेललेले.

म्हणजे मामांनी माझं ऐकलं नाहीच, अक्काच्या मनात आलं. तिचे डोळे भरून आले. ती लगबगीनं उठली, हाताला धरून त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, पाण्याचा पेला पुढे केला. बसच्या काचेआडचा तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"सुखी राहा, बाळ," ते म्हणाले.

साहेबांनी त्यांना दम खाऊ दिला. मग म्हणाले, "बोला आजोबा. नऊ दहाच्या बसबद्दल काय सांगायचंय?"

"आता आणखी काय सांगू? सतरा वेळा लिहून दिलंय," आजोबा म्हणाले. "ती बस नऊ बाराच्या आत कधी हलतच नाही. म्हणून हल्ली मीही घरून दोन मिनिटं उशिराच निघतो."