चिकटलेली पानं

"बाबांची एक गंमत सांगू?" प्रकाशक खांबेट्यांची मुलगी चहा देत म्हणाली. शोकसभा आटोपून मी तिला भेटायला गेलो होतो. "बाबा खरंच वाचतात का ते बघायला काही नवे लेखक हस्तलिखिताची मधली दोन पानं खळीने चिकटवून पाठवायचे."

मी कप खाली ठेवला. तीस वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. 'साभार परत'ची चिठ्ठी लावून कादंबरी आली तेव्हा पानं तशीच चिकटलेली होती. खांबेटे न वाचताच परत पाठवतात, असं मी गावभर सांगत सुटलो. माझं ऐकून दोघा मित्रांनी त्यांच्याकडे कधी काही पाठवलंच नाही.

"बाबा ती पानं वाफेवर सोडवायचे, आपलं मत आत पेन्सिलीने लिहायचे आणि पुन्हा चिकटवून टाकायचे. म्हणायचे, खोडी करणारा आधी तेच पान उघडणार."

"आणि नाहीच उघडलं तर?"

ती हसली. "असं कोण असेल, काका?"

घरी येऊन ट्रंकेतून कादंबरी काढली. पुरावा म्हणून ती पानं मी कधी सोडवलीच नव्हती. आधणाच्या वाफेवर धरली, तशी अलगद सुटली. समासात बारीक अक्षर होतं, 'कादंबरी खरी इथून सुरू होते. आधीचं सगळं काढा आणि लगेच पाठवा. वाट बघतोय.'